आधी शिक्षकांना शिकवा

शाळेत मूल कोसळले, तर पहिली चार-पाच मिनिटे तेथे डॉक्टर नसतो. जे काही होते ते हजर असलेल्या शिक्षकाच्या हातून. म्हणून प्रथमोपचार जाणणारा माणूस शाळेत असणे हा आपत्कालीन सज्जतेचा गाभा ठरतो. नेमके तेच सोडून बाकी सारे केले जाते. राजस्थानातील पिपलोदीच्या शाळेचे छत २०२५ मध्ये कोसळून सात मुले गेल्यावर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना सुरक्षा परीक्षणाचे, तसेच शिक्षक व विद्यार्थ्यांना प्रथमोपचार शिकवण्याचे निर्देश दिले. ते योग्यच आहेत. संताप येतो तो ते नवे नाहीत म्हणून. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुले जळून मेली. त्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांत अग्निशमन साधने बसवा आणि ती वापरायला शिक्षकांना शिकवा, असे बजावले. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आली. दर वेळी आधी मुले गेली, मग कागद निघाला.

हृदय बंद पडल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही धावली तरी तेवढ्यात वाडीवस्तीवर पोहोचत नाही. तोवर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबत राहणारे कोणी तरी हवे. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचे असते. त्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची नसते, तोंडात चमचा घालायचा नसतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते पाणी हवे, टूथपेस्ट नको. साप चावला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचे नाही. तो अवयव हलू न देता मुलाला थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे. केरळच्या वायनाडमधील सुलतान बत्तेरीच्या शाळेत २०१९ मध्ये वर्गातच साप चावून पाचवीतील मुलगी दगावली. तिला रुग्णालयात न्यायला उशीर झाला, असे तिच्या वर्गमित्रांनी सांगितले. हे सारे प्रथमोपचार एक-दोन दिवसांत शिकता येतात. न शिकवण्याला सबब नाही.

कारखान्यांच्या बाबतीत कायद्याने प्रथमोपचाराची ही गरज कधीच ओळखली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटी सक्तीची केली आणि ती प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्याच ताब्यात हवी, असे सांगितले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र कुंपण, मैदान, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आहे, प्रथमोपचार नाही. सज्ञान कामगाराला जे मिळाले ते सहा वर्षांच्या मुलाला नाकारणे अक्षम्य आहे. परिणामी शाळेतील पेटीत काय आहे, औषधांची मुदत संपली का, तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हे सारे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेले असते.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी मतदार याद्यांची आणि सर्वेक्षणांची कामे कमी करावीत. मुलांच्या जिवावर काटकसर करू नये. महाराष्ट्र सरकारने डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, सेवेतील प्रत्येक शिक्षकाला ते द्यावे आणि दर दोन वर्षांनी त्याची उजळणी घ्यावी. दोन शिक्षकी शाळेत दोघेही प्रशिक्षित हवेत, कारण एक जण रजेवर असतोच. पालकांनीही पुढच्या पालकसभेत एवढे विचारावे : या शाळेत छातीदाब कोणाला येतो?