बैल गेला, झोपा केला

रॉबर्ट मॅक्नमारा यांचं ‘इन रेट्रोस्पेक्ट’ १९९५ साली आलं, तेव्हा त्यांना एकोणऐंशीवं वर्ष लागलेलं होतं. व्हिएतनामबाबत आपलं साफ चुकलं, अशी कबुली अमेरिकेच्या या माजी संरक्षणमंत्र्यांनी त्यात दिली. तेव्हापासून दोन पक्ष भांडताहेत. एक म्हणतो, केवढं मोठं मन! दुसरा म्हणतो, नक्राश्रू. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या पक्षाचा मुद्दा असा : पुढे हेच युद्ध हाताळणारे किसिंजर शेवटपर्यंत स्वतःचं समर्थनच करत राहिले, हा माणूस निदान चुकलो म्हणाला. म्हणाला खरं, पण कधी? १ नोव्हेंबर १९६७ रोजी मॅक्नमारांनी अध्यक्ष जॉन्सन यांना टिपण पाठवलं होतं. बॉम्बफेक थांबवा, सैन्य आणखी वाढवू नका, लढाईचा भार हळूहळू दक्षिण व्हिएतनामवर सोपवा, असा त्याचा आशय. म्हणजे जे कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. फेब्रुवारी १९६८ अखेर ते पायउतार झाले आणि जागतिक बँकेच्या अध्यक्षपदी गेले. तिथे तेरा वर्षं काढली. युद्धावर जाहीरपणे अवाक्षर नाही. या युद्धात अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकी सैनिक गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक मॅक्नमारा खुर्चीवरून उठल्यानंतरचे. व्हिएतनामी माणसं किती गेली, याचा हिशोब लाखांतच करावा लागतो.

यावर त्यांचं उत्तर होतं निष्ठेचं. मंत्र्याने अध्यक्षाशी इमान राखायचं. ठीक. पण जॉन्सन जानेवारी १९६९मध्ये पायउतार झाले, १९७३मध्ये वारले, आणि युद्ध चाललं १९७५पर्यंत. त्यानंतर हे इमान कोणाशी होतं? शिवाय अमेरिकी मंत्री शपथ घेतो ती राज्यघटनेची, व्हाइट हाउसमधल्या माणसाची नव्हे.

दुसरी सबब त्याहून लंगडी. म्हणे सरकारात व्हिएतनाम जाणणारं कोणी उरलंच नव्हतं. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी ऑक्टोबर १९६४मध्ये ६७ पानांचं टिपण लिहून याच युद्धाविरुद्ध बजावलं होतं. ते मॅक्नमारांच्या हाती पडलंही होतं. त्यातला धोका पाहण्याऐवजी, असलं काही कागदावर उतरवलंच कसं, याचाच त्यांनी धसका घेतला, असं बॉल पुढे सांगत. सांगणारा होता, ऐकायची तयारी नव्हती.

मग दुसरा पक्ष खरा? नाही. पुस्तक केराच्या टोपलीत टाका म्हणणारे पश्चात्ताप आणि साक्ष यांची गल्लत करतात. पश्चात्ताप खरा की खोटा, ते त्यांचं ते जाणोत. साक्ष मात्र कामाची आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी नोव्हेंबरात हे गृहस्थ हनोईला जाऊन युद्धकाळातले उत्तर व्हिएतनामचे सेनानी जनरल ज्याप यांना भेटले. ४ ऑगस्ट १९६४ला टोंकिनच्या आखातात आमच्या जहाजांवर तुम्ही खरंच दुसरा हल्ला केला होता का, असं विचारलं. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं, असं ज्यापनी सांगितलं. याच न झालेल्या हल्ल्याच्या भरात अमेरिकी काँग्रेसने जॉन्सनना मोकळा हात दिला होता. एकतीस वर्षांनी का होईना, ज्याने युद्ध चालवलं त्यानेच जाऊन विचारलं. इतिहासकाराला हे हवंच असतं.

पण हिशोब म्हणून मी मानतो तो वेगळाच. जून १९६७मध्ये, मंत्रिपदावर असतानाच, या युद्धात आपण कसे ओढले गेलो याचा दस्तऐवजी इतिहास तयार करा, असा हुकूम मॅक्नमारांनी दिला. ४७ खंड झाले, सुमारे ७,००० पानं. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत प्रामाणिक काम, आणि तेच तिजोरीत गेलं. बाहेर काढलं त्या कामावर खपलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी. १९६९मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका जाहिरात कंपनीच्या कार्यालयात रात्ररात्र बसून ते झेरॉक्स काढत. तेरा वर्षांचा मुलगा मदतीला असे. धाकट्या मुलीनेही एकदा कात्री घेऊन पानांवरचे ‘अतिगोपनीय’चे शिक्के कापले. १९७१मध्ये कागद छापले गेले, युद्ध चालू असताना. एल्सबर्गवर खटला भरला गेला, एकूण ११५ वर्षांची कैद होऊ शकली असती. सरकारचेच गैरप्रकार उघडे पडले म्हणून १९७३मध्ये तो निकालात निघाला. मॅक्नमारांना आठवणींच्या पुस्तकाची अशी कोणती किंमत पडली?

आपल्याला हसायला जागा नाही. १९६२च्या चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ला लोकसभेत तिचा गोषवारा मांडला. मूळ अहवालाची काही पानं २०१४मध्ये एका परदेशी पत्रकाराने परस्पर उघड केली. सरकारदप्तरी मात्र तो गोपनीयच आहे.