घराण्यांचे घड्याळ

२०१९ साली कळवण विधानसभा मतदारसंघात जे घडले, त्याची चिकित्सा पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींनी अद्याप मनापासून केलेली नाही. आदल्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी गेले होते. त्यांत आमच्या सुरगाणा-कळवण पट्ट्यातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचा जो हक्क २००६ च्या कायद्याने मिळाला तो प्रत्यक्ष हाती पडत नाही, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या दिवशी त्रास नको म्हणून ही माणसे रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाली. त्यांचे कौतुक करायला नाना पक्षांचे पुढारी धावले. त्या मोर्चाच्या अग्रभागी असलेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित तेव्हा कळवणचे आमदार होते. दीड वर्षाने राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला आणि त्यांना पाडले.

निवडून आले नितीन पवार, दिवंगत आमदार ए. टी. पवार यांचे चिरंजीव. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा ते भाजपबरोबर सत्तेत गेलेल्या अजित पवारांच्या गटात दाखल झाले. याच घराण्याच्या सूनबाई भारती पवार २०१४ ची लोकसभा राष्ट्रवादीकडून लढल्या, २०१९ ला भाजपकडून दिंडोरीच्या खासदार झाल्या आणि २०२१ मध्ये केंद्रात राज्यमंत्री. आमची तक्रार या घराण्याविषयी नाही. घराणी आपले हित पाहणारच. तक्रार आहे ती अशा घराण्यांची बेरीज म्हणजेच दूरदृष्टी, असे मानणाऱ्या पक्षाविषयी.

हा एका तालुक्यापुरता अपघात म्हणावा, तर आदिवासी विकास खाते आठवावे. विजयकुमार गावित, बबनराव पाचपुते, मधुकर पिचड या तिघांनीही राष्ट्रवादीचे मंत्री म्हणून ते सांभाळले. पहिले दोघे २०१४ मध्ये आणि पिचड २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. ज्या खात्यातून आदिवासींमध्ये पक्षाची मुळे रुजायची, ते पक्षाने अशा माणसांच्या हाती दिले की ती गेल्यावर मागे काही उरू नये. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम निघायला २०१४ साल उजाडले. त्यातली १४ हून अधिक वर्षे सत्तेत राष्ट्रवादीचा वाटा होता. सबळ ग्रामसभा आणि सबळ घराणे यांत पक्षाला कोण हवे होते, हे या दिरंगाईवरून ओळखता येते.

कुणी म्हणेल, सत्ता नसेल तर तत्त्वे काय कामाची? प्रश्न रास्त आहे. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार आणि राज्याचे पहिले महिला धोरण, दोन्ही १९९४ ची. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री नसते तर ती त्या वर्षी झाली असती असे आम्ही म्हणणार नाही. पण सत्ता साधन आहे म्हणणाऱ्याने ती कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये निकालाच्याच दिवशी, कुणी न मागता, राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला, तो कोणत्या साध्यासाठी? नोव्हेंबर २०१९ मध्ये पहाटे भाजपबरोबर शपथ घेणारे नेते ३० डिसेंबरला पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. या दोन प्रसंगांतून आमदारांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. २०२३ ची फूट आकाशातून कोसळली नाही.

‘निवडून येण्याची क्षमता’ हा या व्यवहाराचा लाडका बचाव. तो २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीनेच खोटा ठरवला. घराणी निघून गेली होती, तेव्हा शरद पवारांच्या पक्षाने भास्कर भगरे या शिक्षकाला उभे केले. माकपनेही माघार घेऊन त्यांना साथ दिली. समोर केंद्रीय मंत्री आणि शिवाय भगरे याच आडनावाचा एक अपक्ष, ज्याने लाखावर मते घेतली. तरीही हे शिक्षक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. जे उपाय नाइलाजाने सुचले, ते २५ वर्षे स्वेच्छेने का सुचले नाहीत?

सहाच महिन्यांनी विधानसभेला महाविकास आघाडीने कळवणची जागा गावितांना सोडली. ते पडले. यावरून जुनेच धोरण शहाणपणाचे होते असा निष्कर्ष काढणारे आम्हाला भेटतात. आम्हाला उलटे दिसते. जो मतदार वर्षानुवर्षे घराण्याच्या दारी कामे घेऊन जायला शिकला, तो एका हंगामात संघटनेकडे वळत नाही. त्याला ती सवय याच पक्षाने लावली. माकपही निर्दोष नाही. कळवणच्या सखल, बागायती भागात तो कधी नीट रुजला नाही. पण निदान त्याचे कार्यकर्ते पराभवानंतरही दाव्यांची कागदपत्रे घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतात.

आमच्या वर्गांत कोकणा, भिल्ल, महादेव कोळी घरांतली मुले बसतात. फुले-शाहू-आंबेडकर ही नावे त्यांनी भाषणांत पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला, घराण्याचा टिळा नसताना, राष्ट्रवादीने या तालुक्यात घडवले आणि तोलामोलाच्या पदावर बसवले, असे उदाहरण पक्षाने दाखवावे. ते नसेल, तर पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता आधी ते काम हाती घ्यावे. पुरोगामी मतांवर हक्क सांगायला मग यावे.