सहा टक्के आणि माहीमची शाळा

शिक्षणावर शासनाने अधिक खर्च करावा काय, असे कोणालाही विचारा. उत्तर ‘अवश्य’ असेच येईल. या एका प्रश्नावर डावे-उजवे, गिरणगाव-गिरगाव, सारे एकमुखी आहेत. परंतु ज्या मागणीला कोणाचाच विरोध नाही, ती साठ वर्षे अपुरीच राहत असेल, तर त्या एकमतातच कोठेतरी खोट आहे असे समजावे.

कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की, १९८५-८६पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा. १९६८च्या धोरणाने तेच म्हटले, १९८६च्या धोरणाने तेच आणि २०२०च्या धोरणानेही तेच. २०१७-१८मध्ये केंद्र व राज्ये मिळून हा खर्च ४.४३ टक्केच होता, अशी कबुली २०२०च्या धोरणानेच दिली आहे. सत्ताधारी बदलले, घोषणा बदलल्या; सहा टक्क्यांचे मृगजळ तेवढे दूरच राहिले.

मग जनतेने पैसा देण्यास नकार दिला काय? मुळीच नाही. २००४मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर आला, २००७मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढला, २०१८मध्ये आरोग्यासह तो चार टक्के झाला. करदात्याने तो मुकाट्याने भरला. आणि झाले काय? माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने २०१६-१७पर्यंत गोळा झालेल्या ८३,४९७ कोटी रुपयांसाठी स्वतंत्र कोषच उभारलेला नव्हता, असे महालेखापरीक्षकांनी २०१७मध्ये दाखवून दिले. देवाच्या नावाने वर्गणी गोळा करावी आणि देवळाचा पायाही खोदू नये, असा हा प्रकार!

आता दिल्ली सोडून आपल्या दाराशी येऊ. माहीमच्या मोरी रोडवरील ‘न्यू माहीम’ ही महापालिकेची शाळा. तिची इमारत धोकादायक ठरवून ती पाडण्याचे २०२५मध्ये घाटू लागले, तेव्हा स्थानिक नागरिक आणि मराठी अभ्यास केंद्रासारख्या संस्थांनी विरोधाचा आवाज उठवला. इमारत खरोखर मोडकळीस आली असेल, तर मुलांच्या जिवाशी खेळ नको, हे कोणीही मान्य करील. प्रश्न पाडण्याचा नाही, पाडल्यानंतरचा आहे. त्याच जागी शाळाच उभी राहील काय, किती दिवसांत, आणि तोवर मुले कोठे शिकतील? मार्च २०२२पासून पालिकेत प्रशासकाचे राज्य होते; २०२५मध्ये जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. लोकनियुक्त सभागृहाविना शाळेचे भवितव्य ठरू लागले, की लोकमत रस्त्यावरच यावे लागते.

पालिकेकडे पैसा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. २०२५-२६चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर आणि शिक्षणाची तरतूद सुमारे ३,९५५ कोटींची. म्हणजे हा केवळ रकमेचा प्रश्न नसून प्राधान्याचा आणि हिशेबाचा आहे.

‘पालिकेच्या शाळेत आता जातो कोण?’ असा शहाजोग प्रश्न विचारणाऱ्यांना माहीमनेच उत्तर दिले आहे. येथील वूलन मिल शाळेत पालिकेने २०२०मध्ये आयसीएसई मंडळाची शाळा सुरू केली. पालिकेच्या अशा शाळांतील प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. लोक पालिकेच्या शाळेपासून पळत नाहीत. ते हेळसांडीपासून पळतात. हीच काळजी मराठी शाळेची घेतली असती, तर तिच्या ओस वर्गांचे खापर पालकांच्या माथी फोडण्याची वेळ आली नसती.

पण दोष केवळ शासनाचा आहे काय? केंद्राच्या २०२५च्या पाहणीनुसार सरकारी शाळेतील मुलावर कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी २,८६३ रुपये, तर अन्य शाळांत २५,००२ रुपये. मध्यमवर्ग एकदा कर भरतो, पुन्हा शुल्क भरतो आणि दोन्ही वेळा गप्प बसतो. सार्वजनिक शाळेतून आपली मुले काढून घेताना आपण आपला आवाजही काढून घेतला. मत सर्वांचे आहे, पण आग्रह कोणाचाच नाही. एकमतातील खोट ती हीच.

गोखल्यांनी १९११मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा परकीय सरकारने ते फेटाळून लावले. सयाजीरावांनी मात्र १९०६मध्ये बडोदा संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७मध्ये करवीरात शिक्षण सक्तीचे व मोफत करून दाखवले. त्यांची तिजोरी साम्राज्याहून मोठी नव्हती. इच्छा मोठी होती.

तेव्हा केवळ ‘खर्च वाढवा’ म्हणून थांबू नये. आपल्या प्रभागातील पालिका शाळेत आपले मूल शिकत नसले, तरी तेथे जावे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन-चतुर्थांश जागा दिल्या आहेत. त्या पालकांच्या पाठीशी उभे राहावे. माहिती अधिकाराचा अर्ज करावा आणि पैसा किती आला, कोठे गेला, पाडलेली शाळा कधी उभी राहणार, हे विचारावे. नव्या नगरसेवकाकडून लेखी उत्तर घ्यावे.

शाळेची भिंत पालिकेची असेल. आत बसलेले मूल समाजाचे आहे. त्याचा हिशेब समाजानेच मागायचा आहे.