अभ्यासक्रम बदलतो म्हणजे काय?

जून महिना आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पालकांची गर्दी होते आणि ‘यंदा कोणत्या इयत्तेचे पुस्तक बदलले?’ हा प्रश्न दुकानादुकानांतून ऐकू येऊ लागतो. पुस्तक बदलले म्हणजे अभ्यासक्रम बदलला, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पाठ्यपुस्तक हे अभ्यासक्रमाचे केवळ एक साधन होय. पुढच्या पिढीला काय कळावे, काय करता यावे आणि तिने कशाचे मोल मानावे, याविषयी समाजाने केलेला एकूण विचार म्हणजे अभ्यासक्रम. त्या विचाराची विषयवार व इयत्तावार मांडणी म्हणजे पाठ्यक्रम, आणि ती मांडणी मुलांच्या हाती ज्या रूपाने पडते ते पाठ्यपुस्तक. याखेरीज वर्गात शिक्षक प्रत्यक्ष जे शिकवतात तो एक अभ्यासक्रम असतो आणि प्रश्नपत्रिकेत जे विचारले जाते तो आणखी एक. या सर्वांचा मेळ बसला तरच बदल रुजतो. तो बसला नाही तर नवे पुस्तक आणि जुने शिक्षण असा प्रकार होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या सर्व निर्णयांची कचेरी पुण्यातच आहे. आराखडा व पाठ्यक्रम यांचे काम सदाशिव पेठेतील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, पाठ्यपुस्तकांचे काम सेनापती बापट मार्गावरील ‘बालभारती’कडे आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे काम शिवाजीनगरच्या राज्य मंडळाकडे. मंडळ १९६६ मध्ये आणि ‘बालभारती’ १९६७ मध्ये अस्तित्वात आली. तत्पूर्वी खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला शाळांतून चालत. आचार्य अत्रे यांची ‘नवयुग वाचनमाला’ त्यांतलीच. एकच अधिकृत पुस्तक आल्यामुळे ते स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले, हा लाभ लहान नव्हे. तथापि एका पुस्तकातील एका ओळीचा बदल राज्यातील प्रत्येक मराठी शाळेत एकाच दिवशी लागू होऊ लागला, हाही त्याचाच परिणाम होय. म्हणूनच बदल कसा करावा हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक जबाबदारीचा झाला आहे.

व्यवहार आधी, शाळा मागून

अभ्यासक्रमातील सर्वांत मोठे बदल नेहमीच समित्यांनी घडवलेले नसतात. एके काळी प्राथमिक शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी मुखोद्गत करवून घेत असत. त्यात केवळ पाठांतराची हौस नव्हती. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण ज्या बाजारात चालत होता, तेथे अपूर्णांकांचे पाढे ही रोजची गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनेमापे आली आणि हे पाढे शाळेतून हळूहळू नाहीसे झाले. त्यांच्या स्मृतीने जुनी पिढी हळहळली असेल. पण त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, कारण वाण्याचा हिशेब आधी बदलला आणि शाळेतील हिशेब मागून. २००० साली शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी सुरू केली तेव्हा वाद झाला खरा. परंतु नोकरीच्या बाजारातील इंग्रजीचे मोल पालकांना आधीच पटलेले असल्यामुळे तो निर्णय टिकला.

याउलट शाळेने व्यवहाराच्या पुढे जाऊ पाहिले की काय होते, याचे उदाहरण २०१९ च्या जूनमध्ये दिसले. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ या रूढ नावाच्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन सुचवले होते. मराठीत ६३ म्हणताना तीन आधी उच्चारले जातात आणि लिहिताना सहा आधी येतात. त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे तिसांत एक उणा, ही आणखी एक अडचण. कन्नड, तेलुगू व इंग्रजी या भाषांत दशकाचा उच्चार आधी होतो, म्हणून तेथील मुलांना हा अडथळा येत नाही. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची ही भूमिका विचारपूर्वक घेतलेली होती आणि जुनी नावे पुस्तकातून काढलेलीही नव्हती. तरीही मराठीची मोडतोड झाल्याची ओरड झाली, विधिमंडळात चर्चा झाली, विनोदांना तर ऊत आला.

या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून झटकून टाकणे न्याय्य ठरणार नाही. मूल शाळेत ‘साठ तीन’ म्हणणार आणि घरी आजी व भाजीवाला ‘त्रेसष्ट’च म्हणणार, तर दोन रीतींचा भार त्या सात वर्षांच्या मुलावरच पडणार, या आक्षेपात तथ्य होते. पण मुख्य दोष आशयाचा नसून क्रमाचा होता. पुस्तक आधी हाती आले आणि त्यामागील कारणे वाद पेटल्यावर सांगितली गेली.

परीक्षेची सत्ता

दुसरा धडा परीक्षेचा आहे. दहावीच्या नव्या पाठ्यक्रमावरील पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्या वेळी भाषादी विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकण्यात आले. आधीच्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांची मुले पुढे जातील या भीतीने पालक अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी ते गुण पुन्हा देण्याचा निर्णय झाला. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती, हे ध्यानात घेतले तरी एवढा चढउतार मुलांच्या बुद्धीत झाला असे कोणी म्हणणार नाही. गुण देण्याची रीत बदलली आणि निकालाचे चित्र पालटले. पाठ्यपुस्तक कितीही नवे असले तरी शिक्षक आणि विद्यार्थी अखेरीस प्रश्नपत्रिकेकडे पाहूनच अभ्यास करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे भवितव्य तीच ठरवते.

या दोन धड्यांनंतरही घाई सुटलेली नाही. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ज्या प्रश्नाची चर्चा निर्णयापूर्वी व्हावयाची, ती निर्णयानंतर अडीच महिने रस्त्यावर झाली.

किंमत कोण मोजतो?

प्रत्येक बदलाची एक किंमत असते. नव्या पुस्तकाच्या छपाईचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. शिक्षकाला आपली जुनी टाचणे बाजूला सारून नव्याने तयारी करावी लागते, थोरल्या भावंडाची पुस्तके धाकट्याला निरुपयोगी होतात आणि पहिल्या तुकडीची मुले प्रयोगाचे साधन बनतात. हा खर्च कोठेही मांडला जात नाही. तो मांडला जात नाही म्हणूनच बदल स्वस्त वाटतो आणि वारंवार करावासा वाटतो. याचा अर्थ बदल नकोत असा मुळीच नाही. ज्ञान वाढते, समाज बदलतो, तेव्हा जुनाच अभ्यासक्रम चालवत राहण्याचीही किंमत असते आणि तीही मुलांनाच मोजावी लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून राज्याचा नवा आराखडा २०२४ मध्ये तयार झाला आहे आणि त्यावर आधारलेली पुस्तके पुढील काही वर्षांत इयत्तेमागून इयत्तेला येतील. अशा वेळी तीन साध्या गोष्टी अपेक्षिल्या पाहिजेत. प्रत्येक बदलामागील कारण पुस्तकाच्या आधी, सामान्य पालकाला कळेल अशा मराठीत प्रसिद्ध व्हावे. नवे पुस्तक राज्यभर लावण्यापूर्वी शहरातील, खेड्यातील आणि आदिवासी पाड्यावरील काही शाळांत एक वर्ष चालवून पाहावे व तेथील शिक्षकांचे अनुभव जाहीर करावेत. आणि ज्या दिवशी पाठ्यक्रम जाहीर होईल त्याच दिवशी त्यावरील प्रश्नपत्रिकेचा नमुना व गुणविभागणीही जाहीर व्हावी.

यांपैकी कोणत्याही सूचनेला मोठा निधी लागत नाही. लागतो तो एका वर्षाचा धीर, आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला शेवटी नव्हे तर आधी विचारण्याची तयारी. सदाशिव पेठेत आखलेला अभ्यासक्रम धडगावच्या किंवा एटापल्लीच्या वर्गात पोहोचतो तो याच शिक्षकाच्या तोंडून. त्याला तो पटला नसेल, तर त्या मुलांच्या दृष्टीने अभ्यासक्रम बदललेलाच नसतो.