घाटापलीकडचे बंदर

शिंदे, भोसले यांनी काशीत घाट बांधले. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर उभारले. परंतु काशी केवळ तीर्थ नव्हते, गंगेवरची मोठी पेठही होती. रेल्वे आली, १८८७ मध्ये पूल झाला आणि नावेतला माल रुळांवर गेला. १९८६ मध्ये अलाहाबाद-हल्दिया हा १६२० किलोमीटरचा जलमार्ग राष्ट्रीय ठरला. रामनगरचा धक्का मात्र २०१८ मध्ये खुला झाला. धक्का बांधणे सोपे. उन्हाळ्यात नदीची खोली राखणे कठीण, कारण शेतीचे कालवेही त्याच गंगेवर जगतात. संसदेने म्हणूनच उद्घाटनांचा नव्हे, पाण्याचा आणि वाहिलेल्या मालाचा हिशेब मागावा. पिढ्यान्पिढ्या नाव वल्हवणाऱ्या मल्लाहांना या बंदरात कोणते स्थान, याचेही उत्तर सरकारने द्यायला हवे.