‘पण सर...’ म्हणणारा माणूस

हा सीन तुमच्या ऑफिसात नक्की झाला असेल. मीटिंग संपत आलीये. डेडलाइन डोक्यावर. सगळ्यांच्या माना ‘हो हो’ करत हलतायत. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, ‘पण सर, एक प्रॉब्लेम आहे...’ खोलीत एकदम शांतता. बॉस घड्याळाकडे बघतो, कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, ‘बी पॉझिटिव्ह यार!’ विषय संपला.

आज अशाच एका ‘पण सर’वाल्या माणसाबद्दल लिहायचंय. नाव बॉब एबलिंग. गाव अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं ब्रिगहॅम सिटी. पेशा एअरोस्पेस इंजिनिअरचा आणि जीव सगळा घरात, बायकामुलांत. हिरो वगैरे अजिबात नाही. तुमच्याआमच्यासारखं सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, असं आयुष्य. 21 मार्च 2016 ला, वयाच्या 89व्या वर्षी ते गेले. त्यातली शेवटची 30 वर्षं ते एकच रात्र पुन्हा पुन्हा जगत होते.

एबलिंग काम करत होते मॉर्टन थायोकॉल या कंपनीत. नासाच्या स्पेस शटलला आकाशात ढकलणारे दोन मोठे बूस्टर रॉकेट ही कंपनी बनवायची. बूस्टर एवढा मोठा, की तो तुकड्यांत बनवून रेल्वेने फ्लोरिडाला पाठवायचा आणि तिथे जोडायचा. प्रत्येक जोडात आतला धगधगता वायू बाहेर पडू नये म्हणून रबराच्या दोन रिंगा. नाव ‘ओ-रिंग’. रिंगेचा व्यास साधारण 3.7 मीटर, पण जाडी जेमतेम 7 मिलिमीटर!

टेक्निकल वाटतंय? मग किचनमध्ये चला. कुकरची रिंग जुनी होऊन कडक झाली की काय होतं? शिटी राहते बाजूला आणि कडेने वाफ फुसफुसायला लागते. ओ-रिंगचं तेच. थंडीत रबर कडक होतं, चटकन फुगून फट बुजवत नाही. जानेवारी 1985 मध्ये साधारण 12 अंश सेल्सिअसला एक शटल उडालं होतं. त्याचे बूस्टर समुद्रातून परत आणले, तेव्हा पहिली रिंग ओलांडून वायू पुढे गेल्याची काजळी दिसली. म्हणजे घंटा तेव्हाच वाजली होती.

एबलिंगनी ती ऐकली. ऑक्टोबर 1985 मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक मेमो लिहिला. त्याचा पहिलाच शब्द होता, ‘हेल्प!’ रिंगांचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या टीमची हरतऱ्हेने अडवणूक होतेय, अशी तक्रार होती. शेवटी ‘रेड फ्लॅग’ हे शब्द होते. इतक्या स्पष्ट शब्दांत आपण साधी लीव्ह तरी मागतो का?

मग आला 27 जानेवारी 1986. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘चॅलेंजर’ उडणार होतं. आत सात जण, त्यात ख्रिस्ता मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका. फ्लोरिडात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार, हे कळल्यावर एबलिंगनी सहकाऱ्यांना गोळा केलं. फ्लोरिडात असलेले वरिष्ठ अ‍ॅलन मॅकडोनल्ड यांना फोन लावला. संध्याकाळी यूटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशी कॉन्फरन्स बसली. रॉजर बॉइजोली आणि इतर इंजिनिअर्सनी तक्ते मांडले. म्हणणं साधं होतं : 12 अंशांच्या खाली उडवू नका.

नासाचे अधिकारी वैतागले. ‘मग काय, एप्रिलमध्ये उडवायचं?’ अशा अर्थाचा प्रश्न आला. थायोकॉलच्या साहेबांनी फोन म्यूट केला आणि आपापसात चर्चा केली. इंजिनिअरिंगचे प्रमुख बॉब लंड यांना सांगण्यात आलं, की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. (मराठीत ‘टोपी घालणे’चा अर्थ वेगळा आहे, पण तो इथे किती चपखल बसतो!) चार मॅनेजरांनी निर्णय फिरवला. मॅकडोनल्डनी सही करायला साफ नकार दिला, तर दुसऱ्याने सही करून फॅक्स पाठवला.

त्या रात्री एबलिंग घरी गेले आणि बायकोला म्हणाले, उद्या ते फुटणार आहे.

आपण ऑफिस घरी आणतो म्हणजे काय, तर लॅपटॉप आणतो, चिडचिड आणतो. या माणसाने त्या रात्री सात जणांचा जीव घरी आणला होता. सकाळी मुलीला गाडीत घेऊन ते ऑफिसला निघाले, तेव्हा रस्ताभर त्यांचा संताप आणि रडू आवरत नव्हतं. कॉन्फरन्स रूममध्ये सगळे स्क्रीनसमोर बसले. त्यांना वाटत होतं, स्फोट होईल तो जमिनीवरच. तो झाला नाही. चॅलेंजर वर गेलं. साधारण 60व्या सेकंदाला एबलिंग शेजारच्या बॉइजोलींना म्हणाले, की आत्ताच मी देवाचे आभार मानले.

73व्या सेकंदाला सगळं संपलं.

एबलिंग लवकरच नोकरीतून बाहेर पडले. घराजवळ बेअर रिव्हर नावाचं पक्ष्यांचं अभयारण्य आहे. 1983 च्या पुरात ग्रेट सॉल्ट लेकचं खारं पाणी शिरून त्याची पार वाट लागली होती. एबलिंग तिथे व्हॉलंटिअर म्हणून जाऊ लागले. बांध दुरुस्त केले, माणसं जमवली आणि हजारो तास खपले. पक्षी परतले. संसार फुलला, नातवंडं-पतवंडं झाली. पण रात्रीचं काय? मी आणखी जोरात ओरडायला हवं होतं, हे काही डोक्यातून जाईना.

जानेवारी 2016 मध्ये, दुर्घटनेला 30 वर्षं झाली तेव्हा अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओने त्यांना बोलतं केलं. देवाने या कामासाठी मला निवडायला नको होतं, मी हरणारा माणूस आहे, असं ते म्हणाले. तेव्हा ते खूप आजारी होते.

आणि मग पत्रं आली. एकदोन नाही, शेकडो! अनोळखी लोकांनी लिहिलं, की तुम्ही तुमचं काम केलंत, आकडे समोर ठेवलेत, ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही. एबलिंगना बरं वाटलं, पण पुरतं नाही. जे त्या रात्री फोनवर होते, त्यांच्यापैकी कुणी कुठे काय म्हणतंय? मग मॅकडोनल्डचा फोन आला. निर्णय फिरवणारे लंडही त्यांच्याशी बोलले. त्या रात्री नासाच्या बाजूने बसलेले जॉर्ज हार्डी यांचाही निरोप आला. नासाकडूनही निवेदन आलं. माझ्या काळजीखोर मनाला आता शांतता मिळाली, असं एबलिंगनी सगळ्यांना कळवलं. काही आठवड्यांतच ते गेले.

तुम्ही म्हणाल, चॅलेंजरनंतर जग शहाणं झालं असेल. 1 फेब्रुवारी 2003 आठवतो? कोलंबिया, कल्पना चावला. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. नुकसान किती, ते बघायला फोटो मिळवा, असं इंजिनिअर्स मागत होते. वरून नकार आला. त्यातल्या एकाने खरमरीत ई-मेल लिहिला, प्रिंट काढून सहकाऱ्यांना दाखवला... आणि पाठवला नाही. आपल्या ‘ड्राफ्ट्स’मध्ये असे किती पडलेत?

मला एबलिंगच्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? ‘तू बरोबर होतास’ हे तीन शब्द. ते पोचायला 30 वर्षं लागली.

माझ्या आधीच्या ऑफिसात एक टेस्टिंगवाला मुलगा होता. रिलीजच्या आदल्या दिवशी तो मीटिंगमध्ये म्हणाला, ‘हे तयार नाहीये.’ सगळे हसले. मीही हसले, कारण मला शुक्रवारचा पिक्चर गाठायचा होता. सोमवारी क्लायंटचा आरडाओरडा झाला आणि बोलणी बसली ती त्यालाच : नीट टेस्ट का नाही केलंस? तो पॅन्ट्रीत एकटाच बसला होता. मी कॉफी घेतली आणि माझ्या डेस्कवर आले.

कुणाचा जीव गेला नव्हता. सॉफ्टवेअरच होतं ते. पण काल हा कॉलम लिहिताना मी त्याचा नंबर शोधला आणि फोन केला. आता दुसऱ्या कंपनीत आहे, मुलगी झालीये. मी म्हटलं, ‘त्या रिलीजच्या वेळी तू बरोबर होतास. मी तेव्हा बोलायला हवं होतं.’

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, ‘तुला अजून आठवतंय?’

त्याला तर आठवत होतंच.