किल्ली मुलांच्या हाती

सोलापूर-हैदराबाद महामार्ग आमच्या उमरग्यातून जातो. रस्त्यावर रात्रंदिवस वाहने धावतात. म्हणूनच की काय, "काय तयार कराल?" असे विचारताच आठवीची मुले एका सुरात म्हणाली, "सर, सिग्नल!"

साहित्य थोडेच होते. लाल, पिवळा, हिरवा असे तीन एलईडी, तीन रोधक, काही तारा आणि आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, म्हणून हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेया येथे तयार झाला. बोर्ड ५ व्होल्ट देतो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेला भार २२० ओहमचा रोधक सोसतो. रोधक नसेल तर एलईडी जळू शकतो.

एका मुलीने संगणकावर आज्ञा लिहिल्या. लाल लाव, थांब, विझव. मग हिरवा, मग पिवळा. प्रत्येक दिवा पाच सेकंद लागावा म्हणून तिने ५ हा आकडा लिहिला. पण तिन्ही दिवे एकदम लागले आणि तसेच राहिले. मुले हसली. "सर, बिघडलं. कपाटात ठेवून द्या."

खरे सांगतो, तास संपत आला होता. बोर्ड उचलायला मीही हात पुढे केला. ती मात्र जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "सर, हे सेकंदच मोजतं ना?"

आम्ही पुन्हा पाहिले. बोर्ड मिलिसेकंद मोजत होता! ५ म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. दिवे पाळीपाळीनेच लागत होते, पण आपल्या डोळ्यांना ते कळत नव्हते. तिने ५००० लिहिले आणि सिग्नल सुरू झाला.

केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून अनेक शाळांना प्रयोगशाळा दिल्या. पण काही ठिकाणी "मुले मोडतील" या भीतीने साहित्य कुलपातच राहते. मला हे पटत नाही. एक एलईडी काही रुपयांत मिळतो. तयार सिग्नलही बाजारात मिळेल. पण ५ आणि ५००० यांतला फरक तो शिकवणार नाही. तो त्या मुलीला तिच्या चुकीने शिकवला.

आता आमच्या कपाटाची किल्ली मुलांकडे असते. आजवर दोन एलईडी जळाले. ते का जळाले, हे मुलांनीच वहीत लिहून ठेवले आहे.